सुतळीनं शिवलेला बंपर: फायबरच्या गाडीतून सातारा ते सांगली

दत्तूमामानं ती गाडी घेतली तेव्हा आमच्या घरात कोणीच पेढे वाटले नाहीत. साताऱ्यासारख्या गावात, जिथे चप्पल घेतली तरी पेढे येतात, तिथे हे जरा जास्तच झालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रस्त्यांवर लहान गाड्या बऱ्याच दिसू लागल्या होत्या आणि त्यातलीच एक ही, लोखंडाऐवजी फायबरच्या अंगाची. स्वस्त, हलकी, डिझेलवर चालणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारखाना कधीच बंद पडला. रंग राखी होता म्हणून आम्ही तिला पारवा म्हणायचो. त्या काळात तिच्याइतकी बदनाम गाडी दुसरी नसेल. कोणी म्हणे उन्हात वितळते, कोणी म्हणे शेळी येऊन खाते, कोणी म्हणे धडक बसली की माणसांच्या आधी गाडीच पळून जाते. शाळेत शास्त्र शिकवत असल्यामुळे मला यातलं किती खरं हे बघायची भारी हौस होती. संधी मामानंच दिली.

मामा उंब्रजचा. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये हवालदार होता, निवृत्त होऊन ऊस लावून बसला होता. त्याची एकुलती एक लेक सुरेखा सांगलीला दिली होती, हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरात. लग्नात वरात दुसऱ्याच्या जीपमधून निघाली, आणि ती वाटेत बंद पडून पोरींना ढकलावी लागली. तेव्हा मांडवभर पाहुण्यांसमोर मामा बोलून गेला होता की पहिल्या बाळंतपणाला लेकीला नेईन ते स्वतःच्या गाडीतून. आता सुरेखाला सातवा लागला होता. लोखंडी गाडी आवाक्यात नव्हती. साताऱ्यातल्या एका डॉक्टरांना पारवा डोळ्यांसमोर नको झाली होती, तीच मामानं उचलली. सासरहून लेकीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मामाला मुलगा नाही, म्हणून मुराळी मी, तिची आतेबहीण.

पहिल्या दिवशी दुपारी साताऱ्याहून निघालो. वाचकांपैकी कोणाला हा रस्ता हल्लीचा माहीत असेल तर त्यातला दुभाजक, उड्डाणपूल, टोलनाके सगळं पुसून टाका. दोन पदरी रस्ता, दोन्ही कडेला झाडं आणि गळीत हंगाम असल्यामुळे उसाचे ट्रक. असा ट्रक समोरून गेला की पारवा एक हात बाजूला सरकायची. मी दाराची कडी धरून बसले होते. कडी माझ्याच हातात येते की काय असं वाटलं तशी मी ती सोडून दिली आणि सीट धरली. आवाज एवढा की मामाशी बोलायला वर्गात शिकवायचा सूर लावावा लागला. आत डिझेलचा आणि कसल्यातरी रंगाचा मिळून वास. वितळली मात्र नाही, माघाचं ऊन चांगलं कडक असूनसुद्धा.

नागठाण्यापाशी रसवंतीवर थांबलो. तिथे मला एक नवी रीत कळली. ही गाडी पाहणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यावर बोटांनी टकटक करतो. रस्त्यानं चाललेला म्हातारा थांबून टकटक करून गेला, रसवाल्यानं फडक्यानं हात पुसून टकटक केलं, त्याच्या बायकोनं लांबूनच विचारलं, की कसा येतोय आवाज. मामानं रसाचे पैसे चुकते केले. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "दार वाजवल्याबिगार घरात शिरत न्हाईत, तसं हाय हे."

रात्री उंब्रजला मुक्काम. मामीनं पिठलं, भाकरी आणि ताज्या लसणाची चटणी केली होती. जेवताना मी मामाला सरळ विचारलं की वर्कशॉपमध्ये उभा जन्म गेलेल्या माणसाला ही गाडी कशी आवडली. त्यानं उत्तर दिलं ते मला आवडलं. म्हणाला, ब्रेक बरे नाहीत, दारं नीट बसत नाहीत, लोक बोलतात ते निम्मं खरं आहे. पण आयुष्यभर गंज खरवडला, एकदा न गंजणारी गाडी चालवून बघायची होती. मग हळूच म्हणाला की सांगलीकरांनी लेक दिली नाही तर मात्र तोंड दाखवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर निघालो. कराडला डिझेल भरलं. ते पारव्याला लागायचं इतकं थोडं की दोघांच्या एसटीच्या तिकिटापेक्षा फार जास्त खर्च झाला नाही, हे तिच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. पेठ नाक्याला हायवे सोडला. इस्लामपूर, आष्टा करत सांगलीकडे जाणारा हा रस्ता मला फार आवडतो. काळी जमीन, दोन्हीकडे ऊस आणि मधूनमधून पिवळी पडत चाललेली हळदीची रानं. खड्डे होते. पण पारवा हलकी असल्यामुळे खड्ड्यात आपटण्याऐवजी त्यावरून उडी मारल्यासारखी जायची, आणि यात आपल्याला पोटुशी बाई बसवून न्यायची आहे हे आठवून मी मामाला हळू घ्यायला सांगायचे. आष्ट्यात मिसळ खाल्ली. तर्री लालभडक, शिवाय पाव हवे तेवढे. आयर्विन पुलावरून कृष्णा ओलांडून सांगलीत शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

सुरेखाचे सासरे आण्णा दारातच उभे होते. अडत्या माणूस, बोटांना हळदीचा रंग कायमचा बसलेला. त्यांनी राम राम केला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टकटक केलं. चहा झाल्यावर शांतपणे म्हणाले, "हवालदारसाहेब, राग मानू नका. पोरगी नेऊ नका असं न्हाई म्हणत. पण या डब्यातनं न्हाई. उद्या भाड्याची गाडी करून देतो."

मामाचा चेहरा मला पाहवेना. आण्णांचंही चुकत नव्हतं, हे आणखी वाईट. आत सुरेखा भिंतीला टेकून उभी होती. तिनं मला खूण केली की गप्प बस. मामानं तेवढंच सांगितलं की सकाळी आण्णांनी स्वतः बसून बघावं, मग ते म्हणतील तसं.

सकाळी आण्णा पुढच्या सीटवर बसले आणि मी मागे. मारुती रोडवरून कृष्णेच्या घाटापर्यंत, गणपतीला नमस्कार करून परत. जाताना आण्णा हाताची घडी घालून होते. येताना खिडकीची काच खालीवर करून बघत होते आणि मामाला विचारत होते की एवढीशी असून चढाला दमत कशी नाही. दारात उतरल्यावर म्हणाले, ठीक आहे, जाऊ द्या. सुरेखाच्या सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्याच. आमच्या दारातून सुनेला घेऊन पहिल्यांदा निघतेय, कोरी असो की जुनी, पूजा व्हायला पाहिजे, म्हणाल्या. हळदीकुंकू लावलं, हार घातला. सुरेखाची ओटी भरली. आणि आण्णांनी नारळ घेतला.

आता हे सांगितलं पाहिजे की आण्णांच्या घरचा माल ट्रकनं जायचा. नव्या ट्रकची पूजा केली की नारळ बंपरवर फोडायचा ही त्यांची पद्धत. हाताला तीच सवय. त्यांनी गजाननाचं नाव घेतलं आणि पूर्ण जोर लावून नारळ पारव्याच्या बंपरवर हाणला.

नारळ शाबूत राहिला. बंपर फुटला.

मधोमध वरपासून खालपर्यंत चीर, आणि एक बाजू लोंबायला लागली. कोणी हसलं नाही. आण्णा हातातल्या नारळाकडे बघत राहिले, मग पायरीवर बसले. मामा गाडीकडे पाठ करून उभा राहिला. मला तर रडू यायला लागलं होतं, कारण काल आण्णा जे म्हणत होते ते त्यांनी नको असताना सिद्ध करून दाखवलं होतं. आता पोरगी भाड्याच्या गाडीतून जाणार, मामा मागून ही फुटकी घेऊन येणार आणि पुढची दहा वर्षं उंब्रजला हीच कथा चालणार.

सुरेखा पायऱ्या उतरली, दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. काचेतून सासऱ्यांना म्हणाली, "आण्णा, नारळ तुमी मारलाय. रस्त्यात कोण नारळ मारणार हाय आमाला?"

आण्णांनी वर बघितलं. आधी मिशीत हसले, मग त्यांना हसू आवरेना. मामाही वळला. त्यानं डिकीतल्या पेटीतून हाताचं ड्रिल काढलं. आण्णा आत गेले आणि हळदीची पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन आले. मग दोघे व्याही रस्त्यात उकिडवे बसले. मामा चिरेच्या दोन्ही कडांना भोकं पाडत होता आणि आण्णा पोत्याचं तोंड शिवावं तसा बंपर शिवत होते. गल्ली जमली होती. शेवटची गाठ मारून आण्णांनी ओढून बघितली आणि म्हणाले की ही त्यांची गाठ आहे, मुंबईपर्यंत पोतं सुटत नाही. नारळ उंबऱ्यावर फोडला. सासूबाईंनी तुकडा चाखून सांगितलं, गोड निघाला.

एवढं झाल्यावर आण्णा स्वतःच मागच्या सीटवर माझ्याशेजारी येऊन बसले, आष्ट्यापर्यंत येतो म्हणाले. दोन दारांची गाडी, मागे शिरताना त्यांचा फेटा दोनदा अडकला. गुडघे हनुवटीशी, मांडीवर भडंगाची पिशवी. प्रत्येक खड्ड्याला सुनेला विचारायचे, बरं हाय न्हवं. तिचं बरंच होतं. मामा इतका हळू चालवत होता की बैलगाड्या पुढे गेल्या. आष्ट्यात आण्णा उतरले, वाकून बंपरची शिवण पाहिली आणि टपावर तळहातानं थोपटलं. त्यांनी टकटक केलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग सांगलीची एसटी धरायला गेले.

उंब्रजला मामीनं भाकरतुकडा घेऊन लेकीवरून ओवाळला. टाकायला वळली, परत आली आणि गाडीवरूनही ओवाळला. मी संध्याकाळच्या एसटीनं साताऱ्याला घरी आले. अंग दोन दिवस दुखत होतं.

एवढ्या वर्षांनी मला कोणी विचारलं की ती गाडी चांगली होती का, तर मी नाही म्हणेन. आवाज, ब्रेक, दारं, सगळ्या तक्रारी खऱ्या होत्या. गंजली नाही, हेही खरं. मामाच्या बांधावर तिचं अंग अजून आहे. लोखंड नाही म्हणून भंगारवाला नेत नाही, कोंबड्या आत अंडी घालतात. बंपरवरची सुतळी मात्र कुजून गेली.

पण मला पारव्यापेक्षा दुसरीच वस्तू जास्त आठवते. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सुरेखाला पोचवायला आम्ही त्याच गाडीनं सांगलीला गेलो, आण्णांचा निरोपच तसा होता, की नातू पारव्यातूनच यायला पाहिजे. गल्लीत वळलो तर आण्णा हातात नारळ घेऊन उभे. मामानं ब्रेक जरा लांबच दाबला. आण्णांनी हात वर करून पुढे या म्हणून खुणावलं आणि पायाशी बोट दाखवलं. दाराशेजारी एक काळा दगड नवा आणून पुरला होता, नारळ फोडायला.

आण्णा गेले, मामाही गेला. सांगलीला गेले की त्या दगडाला मी हात लावून येते.