बाकड्यावर बसलेली बाई

कंपनीतून रिटायर झालो आणि मला अर्ज लिहायचं वेड लागलं. बायको म्हणते, शिफ्ट सुटली पण यांच्या डोक्यातला भोंगा काही बंद होईना. बाकड्यांची भानगड मात्र मी तिच्यासाठीच काढली होती, हे ती सोयीस्कर विसरते.

तिचे गुडघे गेलेत. घरापासून निगडीच्या बस स्टँडपर्यंत रस्ता सरळ, पण मध्ये टेकायला जागा नाही. म्हणून मारुंजीला लेकीकडं जाणं तिनं बंदच केलं. "नातवाला फोनवर बघते की," म्हणायची आणि फोन ठेवला की उगाच भांडी आपटायची. मला ते ऐकवायचं नाही. आणि त्याच रस्त्याच्या तोंडाशी महापालिकेची पाटी: ज्येष्ठांसाठी बाकडी बसवण्याचे काम पूर्ण! मी दोनदा रस्ता पालथा घातला. बाकडं सोडा, बसण्याजोगा दगडही नव्हता.

म्हटलं, थांबा लेको. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट चिकटवलं आणि माहिती अधिकारात विचारलं, बाकडी कुठं आहेत, फोटो द्या. उत्तर आलं: फोटोत एक महिला बसलेली असल्याने ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. आता बोला! पूर्वी जनहित म्हटलं की साहेब जरा तरी दचकायचे. आता कायदा बदललाय म्हणे. काहीही मागा, कुणाचं तरी खासगी निघतं.

मी चिडून अपील लिहिलं, 'मला बाई नको, बाकडं हवं आहे.' ते बायकोनं वाचलं. दोन दिवस चहा मिळाला नाही.

सुनावणीच्या आधी फोटो आला, बाईच्या तोंडावर काळी पट्टी मारून. बायकोनं चष्मा लावला आणि ओरडलीच, "अगंबाई! अहो, ही पिशवी बघा!"

निळी पिशवी, माझ्या जुन्या युनिफॉर्मच्या शर्टाची. चांगला खिसा वाया जाऊ नये म्हणून तिनं ती खिशासकट शिवली होती. खिशावर माझ्याच पेनाच्या शाईचा डाग. मग तिला आठवलं. मागच्या वर्षी भजनाच्या बायकांबरोबर बागेत गेली होती, तिथं एक माणूस म्हणाला, मावशी, जरा बाकड्यावर बसा, फोटो काढतो. हिला वाटलं, पेपरात येणार. पदर सारखा करून बसली बिचारी.

सुनावणीला तिला रिक्षानं घेऊन गेलो. साहेबांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका, फोटो कुठला, ते त्या महिलेच्या संमतीशिवाय आम्हाला सांगता येत नाही."

बायकोनं पिशवी टेबलावर ठेवली. "घ्या संमती. ती बाई मीच. आणि ते बाकडं बागेतलं हाय, आमच्या रस्त्यावरचं न्हाई."

साहेबांनी फोटो बघितला, पिशवी बघितली, पुन्हा फोटो बघितला. घाम पुसत म्हणाले, "मावशी, उभ्या का? बसा ना."

तिनं एका हातानं टेबलाची कड धरली होती. मला दिसत होतं.

"राहू द्या साहेब. तुमच्या कागदावर वर्षभर बसलेलीच हाय मी. लेकीच्या वाटेवर एक बाकडं टाका, मग बसते."

ती उभीच राहिली. मग मला खुर्चीत बसवेना, मीही उठलो.