गिअरचा दांडा उजवीकडे

बरखेड्यात फिरायला जाताना एक साठीची बाई रोज आपल्या जुन्यापुराण्या मोटारीशी झटताना दिसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पक्षाघाताने तिचा डावा हात लुळा पडला होता. म्हणून गिअरचा दांडा उजवीकडे, स्टिअरिंगखाली आणायचा तिने चंग बांधला. सळया, सांधे स्वतः आखून ती गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांतून घडवून आणायची.

पहिल्या खेपेला गिअर अडकला. तिचा भाऊ वैतागला, "ताई, बस कर आता. ड्रायव्हर ठेवू."

"हात गेलाय, जिद्द नाही गेली," असं म्हणून ती दातांत पाना धरून पुन्हा गाडीखाली शिरली.

अखेर एका सकाळी गाडी निघाली. चढावर गिअर अलगद बदलला. फिरायला आलेल्या आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती खिडकीतून ओरडली, "टाळ्या कसल्या वाजवता? बाजूला व्हा, गाडी येतेय!"