अप्पांनी शिवलेली शाळा

बाईंना पहिली नेमणूक मिळाली ती जिथे रस्ता संपतो त्याच्याही वरच्या वस्तीवर. मोटार खालीच सोडायची आणि पुढे खेचराच्या वाटेने चढायचं. "नोकरी लागली तीही ढगात," असं पुटपुटत त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, लेकीच्या ट्रंकेला दोरी आवळून दिली. अप्पा शिंपी होते. पेठेत दुकान, दुकानामागे दोन खोल्या. आई लवकर गेल्यामुळे बाई शिलाई मशीनच्या पायाशी चिंध्यांत खेळतच मोठ्या झालेल्या. बापलेकीला एकमेकांवाचून करमायचं नाही, पण दोघांपैकी कुणी ते तोंडाने कबूल करायचं नाही.

वस्ती मेंढपाळांची होती. शाळा म्हणजे दगडी भिंतींची एक खोली, एक फळा आणि खोलीभर धूर करणारी शेगडी. मुलं हसरी, धिटुकली. पण बाई काय बोलतात ते एकालाही कळत नव्हतं. त्यांची बोली निराळी, पुस्तकाची भाषा निराळी. 'बसा, बसा' म्हणून बाईंनी घसा कोरडा केला, तरी मुलं आदराने उभीच. शेवटी त्यांनी एका मेंढपाळाला गाठलं. लोकर विकायला बाजारात जाऊन जाऊन त्याला मोडकंतोडकं बोलता यायचं. त्याची मुलगी वर्गात पहिल्या रांगेत असायची. एका जागी ठरायची नाही, म्हणून बाई तिला भिंगरी म्हणायच्या.

"खाली बसायला तुमच्यात काय म्हणतात?" बाईंनी विचारलं. त्याने शब्द सांगितला. बाईंनी तो वाटभर घोकला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चांगला ठसक्यात उच्चारला. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग सगळीच्या सगळी हातपाय टेकून खाली बसली आणि बें बें करायला लागली. तो शब्द मेंढरांना बसवायचा होता.

"मला काय ठाऊक तुम्हाला माणसं बसवायचीत," भिंगरीचा बाप म्हणाला. "आमच्यात माणसं आपली आपण बसतात."

बाईंना हसू आवरेना. त्या हसल्या आणि तिथूनच गाडी रुळावर आली. सकाळी बाई मुलांना शिकवायच्या, दुपारी मुलं बाईंना. बाईंचा उच्चार चुकला की भिंगरी मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी शाळेत कुणीच आलं नाही. बाई वस्तीत गेल्या तर दारं बंद, चुली थंड. कळप घेऊन सगळी वस्ती माथ्यावरच्या कुरणात गेली होती, ती थंडीची चाहूल लागल्यावरच परतणार. बाई काही दिवस रिकाम्या खोलीत बसून राहिल्या. मग डोंगर उतरून ऑफिसात गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, मलाही वर जायचंय.

"शाळा खोलीत भरते, बाई. कुरणात नाही," साहेब म्हणाले.

"खोलीत मी एकटीच उरलेय, साहेब. आणि मला वाचता येतं."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "असं करा," ते हळूच म्हणाले, "तुम्ही मला विचारलंच नाही. मीही काही ऐकलं नाही."

बाईंनी फळा खेचरावर लादला आणि वाट धरली. वरचं कुरण म्हणजे नजर पोहोचेल तिथवर गवत, अधूनमधून पाठ टेकायला खडक, आणि सारखा वारा. एका खडकाला फळा टेकवून शाळा सुरू झाली. खडूने लिहिलेलं वाऱ्याने पुसलं जायचं. मुलांचा अर्धा जीव अक्षरांत आणि अर्धा कोकरांत. पण येत सगळी होती.

त्याच उन्हाळ्यात अप्पा येऊन थडकले. पोस्टातला एक मुलगा सांगून आला होता, घर चांगलं होतं, आणि पत्राला उत्तर मिळेना म्हणून ते स्वतःच लेकीला न्यायला आले होते. चढ चढून त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला. वर पोचले तेव्हा बाई पाढे म्हणून घेत होत्या. अप्पा खडकावर टेकतात न टेकतात तोच गारांचा मारा सुरू झाला. मुलं पांगली, कुणी घोंगडीखाली, कुणी सरळ मेंढरांच्या पोटाशी. बाई फळ्यावर आडव्या पडून अक्षरं वाचवत होत्या.

गारा थांबल्यावर अप्पांनी विचारलं, "हे असं रोज चालतं?"

"रोज कुठलं. गारा पडतात तेव्हाच."

अप्पा लग्नाचं बोलायला आले होते, ते विसरले. मेंढपाळांच्या सामानावर जुन्या ताडपत्र्या टाकलेल्या होत्या, त्यांवर त्यांची नजर गेली. जाऊन त्यांनी एक चिमटीत धरून पाहिली, ताणली, उजेडाकडे धरली. गिऱ्हाइकाचं कापड बघताना बघायचे तसंच. मग पिशवीतून कात्री, दाभण आणि बोटात घालायचं अंगुस्तान निघालं. त्याशिवाय ते कुठे जायचेच नाहीत.

ताडपत्र्या जोडून शाळेसाठी तंबू शिवायचा ठरला. त्याचं छप्पर किती उतरतं ठेवायचं, यावरून अप्पांची आणि भिंगरीच्या बापाची जुंपली. अप्पांना उंची हवी होती, मुलांना उभं राहता यावं म्हणून. त्याला वाऱ्याची धास्ती. त्याचं मोडकंतोडकं बोलणं भांडणाला पुरेना, तेव्हा तो आपल्या बोलीत शिरला. अप्पा आपल्या भाषेतच होते. बाई मध्ये पडून अर्थ सांगू लागल्या तर दोघांनी त्यांना हाताने बाजूला केलं. दिवस कलेपर्यंत दोघं बोलत होते, जमिनीवर काठीने रेघा मारत होते, एकमेकांच्या रेघा पुसत होते.

जेवताना अप्पा म्हणाले, "माणूस समंजस आहे."

"तुम्हाला काय कळलं तो काय म्हणाला ते?"

"सगळं कळलं. चुकतोय, पण समंजस आहे."

बायकांनी लोकरीचा पीळदार दोरा कातून दिला, अप्पांनी त्याला मेण चोळलं. शिवणीवर दुहेरी टीप घातली, कोपऱ्यांना चामड्याची ठिगळं लावली. बोटं सोलून निघाली, पण चेहऱ्यावर पोरकट आनंद होता. छप्पर अखेर भिंगरीच्या बापाच्या म्हणण्याप्रमाणेच उतरतं झालं, आणि उंची अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे. तंबू उभा राहिला त्या दिवशी मुलं आत शिरली ती बाहेर येईनात. अप्पाही त्यांच्यात मागच्या रांगेत मांडी घालून बसले.

निघताना त्यांनी विचारलं, "पोस्टवाल्यांना काय सांगू?"

"सांगा, मुलगी उन्हाळ्यात घरी नसते."

अप्पांनी अगदी तेवढंच सांगितलं. पोस्टवाल्यांनी दुसरी मुलगी पाहिली. पुढे एकदोन स्थळं आली आणि गेली. बाईंना वाईट वाटलं नाही असं नाही. सुट्टीत घरी असताना एखाद्या संध्याकाळी पेठेतून जोडपी फिरताना दिसली की वाटायचं. पण उन्हाळा जवळ आला की पायांना वरची ओढ लागायची.

अप्पाही दर उन्हाळ्यात तंबू दुरुस्त करायला वर यायचे. शिवण धडधाकट असली तरी कुठेतरी खोट काढायचेच. गुडघे बोलायला लागले तसे खेचरावर बसून आले. मग एका वर्षी आले नाहीत, आणि त्याच थंडीत दुकानात बसल्या बसल्या गेले.

भिंगरीचा बाप वार्ता कळताच डोंगर उतरून आला. नातेवाइकांनी भरलेल्या खोलीत तो कुणाकडे न बघता शिलाई मशीनपाशी जाऊन बसला आणि आपल्या बोलीत बराच वेळ बोलला. अप्पांशीच बोलत होता. मावशीने बाईंना विचारलं, "काय म्हणतोय गं तो?" बाईंनी नकारार्थी मान हलवली. सांगता आलं असतं, पण ते त्या दोघांतलं होतं.

नंतर वस्तीपर्यंत रस्ता आला. खाली मोठी शाळा आणि वसतिगृह झालं. मुलं बारा महिने तिथे राहू लागली, कुरणात फक्त म्हातारी माणसं जाऊ लागली. वरची शाळा बंद झाली आणि बाईंची बदली झाली. त्यांनी आदळआपट केली नाही. मुलं शिकून पुढे जात होती, कुणी नर्स झाली, कुणी बस चालवत होता. तेच तर हवं होतं. तरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, खालच्या शाळेतल्या पंख्याच्या घरघरीत, त्यांना मेंढरांच्या घंटा ऐकू यायच्या.

आता बाई दुकानामागच्या त्या दोन खोल्यांत राहतात. वस्तीतलं कुणी दवाखान्याला, बाजाराला आलं की चहाला डोकावतं. परवा भिंगरी आली होती, आपल्या मुलीला घेऊन. मुलगी वसतिगृहात शिकते, पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलते.

"हिला आपलं बोलणं थोडंफार कळतं, पण बोलता येत नाही," भिंगरी म्हणाली. "आजोबांचा फोन आला की नुसती हसते."

बाईंनी मुलीला जवळ बसवलं. "आजोबांना काय विचारायचंय तुला?"

मुलीने थोडा विचार केला. "माझं कोकरू केवढं झालं ते."

बाईंनी ते वाक्य बोलीत म्हणून दाखवलं, मग तुकडे करून, मग पुन्हा सलग. मुलगी अडखळली, लाजली, पण जमलं. भिंगरीने फोन लावून तिच्या हातात दिला. मुलीने एका दमात विचारून टाकलं. पलीकडून म्हातारा बोलायला लागला, कोकराबद्दल, गवताबद्दल, वाऱ्याबद्दल, आणि थांबेचना. मुलगी फोन दोघींच्या मध्ये धरून बाईंकडे बघत राहिली. जिथे अडेल तिथे बाई हळूच अर्थ सांगत होत्या.