खांद्यापासून घोट्यापर्यंत

आमच्या ताईला गल्लीतली पोरं आधी ‘गादी’ म्हणायची, ऑपरेशननंतर ‘काडी’ म्हणायला लागली. लोकांना काय, तोंड दिलंय ना! ताई दोन्ही वेळा हसली. गणवेश शिवायच्या दुकानात ती कटिंग करते, मी तुरपाई. बावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी. मी बसून, ती उभी, कारण कटिंग उभ्यानेच होतं.

तिचं वजन एकशे अठरा होतं आणि गुडघे रोज बोंबलायचे. उभं राहणं सुटलं की कटिंग सुटलं, आणि कटिंगशिवाय ताई म्हणजे काय उरणार? म्हणून तिने जठर लहान करून घेतलं. दोन वर्षांत पंचेचाळीस किलो उतरले. मग काय, पायाला भिंगरी!

दवाखान्यात एक सल्लागार बाई होती. तिला मी साखरबाई म्हणते, इतकं गोड बोलायची. ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या कागदावर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची तपासणी, सगळं लिहिलेलं होतं. ताईने दीड वर्ष इमानदारीत गोळ्या घेतल्या. मग पोटाला त्रास व्हायला लागला म्हणून तिने फोन करून विचारलं. साखरबाई म्हणाली, “अहो ताई, तुमचे रिपोर्ट एकदम छान! आता कशाला त्या गोळ्या? तुम्ही तर आमच्या हिरॉइन!”

हिरॉइनच होती ती त्यांची. दर वर्षी नव्या पेशंटच्या मेळाव्यात तिला स्टेजवर बोलवायचे, काट्यावर उभं करायचे आणि तिचा जुना तंबूएवढा गाऊन हातात धरायला लावायचे. की टाळ्या! तो गाऊन मीच शिवलेला. मला मेलीला अभिमान वाटायचा.

ताईच्या वाढदिवसाला मी दर वर्षी नवा गाऊन शिवते. माप घ्यायचं, वहीत लिहायचं. खांद्यापासून घोट्यापर्यंत बावन्न इंच. मग साडेएक्कावन्न. मग एक्कावन्न. ऑपरेशनला सहा वर्षं झाली तेव्हा साडेपन्नास. मागचा गाऊन घोट्याखाली यायला लागला की मी खालून दुमडून तुरपाई करून टाकायची. अंग उतरलं की कपडा खाली येतो, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. पण वजन तर दुसऱ्या वर्षीच थांबलं होतं! एवढं कळायला अक्कल लागते, ती मी कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

गेल्या महिन्यात ताईने फळीवरून कापडाचा ताका ओढला आणि तिथेच खाली बसली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “अगं, पाठीत काहीतरी मोडलं.”

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडं ठिसूळ होऊन तीन मणके दबलेले. “एक आत्ताचा, दोन जुने,” ते म्हणाले. “उंची कमी झालेली कळली नाही का कुणाला?”

कुणाला म्हणजे मलाच की! वहीत माझंच अक्षर होतं. आता इंजेक्शनं, पाठीला पट्टा, आणि कटिंगला एका वेळी अर्धा तासच उभं राहायचं. ज्या उभं राहण्यासाठी पोट कापून घेतलं, तेच गेलं.

आणि पट्टा बांधून आठ दिवस होतात न होतात तोच साखरबाईचा फोन. “येताय ना मेळाव्याला? तो जुना गाऊन विसरू नका हं!”

माझं डोकंच फिरलं. मी फोन हिसकावणार होते, पण ताई म्हणाली, “येते की.”

गेली. पट्टा बांधून, माझा हात धरून. काट्यावर चढली नाही. पिशवीतून गाऊन नाही, मापाची वही काढली.

“यांनी दर वर्षी माझं वजन केलं,” ती माइकवर म्हणाली. “उंची एकदाही मोजली नाही. ती माझ्या बहिणीने मोजली. दीड इंच गेली. तिला वाटलं, गाऊन लांब झाला.”

लोक हसले. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पहिल्या रांगेतल्या एका जाड पोरीने विचारलं, “मग गोळ्या किती दिवस घ्यायच्या?”

साखरबाई लगबगीने माइक घ्यायला पुढे आली. ताईने तो सोडला नाही.

“जन्मभर,” ती म्हणाली. “आणि पोटाला त्रास झाला तर डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या, बंद नाही करायच्या. माझ्याही कागदावर जन्मभरच लिहिलं होतं. मी कागद ठेवून दिला आणि या बाईंचं ऐकलं.”

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. साखरबाई तशीच हात पुढे करून उभी.

बाहेर आल्यावर माझ्याच्याने राहवेना. “ताई, माझंही चुकलं गं.”

“चुकलंच, गाढवे,” ती म्हणाली आणि जिन्याचा कठडा धरून जरा थांबली. “पण तू त्यांच्यासारखं मला हिरॉइन म्हणत म्हणत नाही चुकलीस.”