आईच्या चौकशा आणि विमानातला ऑक्सिजन

सत्तरच्या दशकातली सोलापूरची एक दुपार. नवी पेठेतल्या एका दवाखान्यात मी आईशेजारी बसले होते आणि डोकं नुसतं तापलं होतं... उन्हानं नव्हे, आईनं.

झालं होतं असं, की माझी ताई लंडनला होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिकडे तिचं करायला कुणी नाही, म्हणून आईनं बाळंतपणाला जायचं ठरवलं. भावोजींनी तिकीट पाठवलं, पासपोर्टही आला... आणि सगळं अडलं ते आईच्या छातीपाशी.

लहानपणच्या एका मोठ्या आजारानंतर आईचं एक फुफ्फुस नावापुरतंच उरलं होतं. पुढे चुलीच्या धुरानं दुसऱ्याचीही वाट लावली. आमच्या घरच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून बजावलं, विमानात हवा विरळ असते, यांना वाटेत ऑक्सिजन लागणार.

आता ऑक्सिजन म्हणजे काय पिशवीत घालून न्यायची वस्तू आहे का... मी शाळेत शिकवायची, तिथून अर्धी रजा टाकून पोस्टात ताटकळायची, मुंबईला विमान कंपनीच्या ऑफिसात ट्रंक कॉल लावायची. कॉल लागला की पलीकडचा माणूस म्हणायचा, साहेब जेवायला गेलेत. हे साहेब दिवसभर जेवतच असत बहुतेक.

शेवटी साहेब सापडले. सिलिंडर आम्ही विमानात ठेवू म्हणाले, पण ऑक्सिजन लागतो असं छातीच्या डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. आणि बाई प्रवासाला फिट आहेत, असंही त्यांनीच लिहून द्यायला हवं. म्हणजे आई आजारीही हवी आणि ठणठणीतही... मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यात शेजारपाजार. ऑक्सिजन म्हटलं की लोकांना शेवटची घटकाच आठवते. रोज कुणीतरी पडक्या चेहऱ्यानं आईला बघायला यायचं आणि आईच त्यांना चहा करून द्यायची.

छातीचे डॉक्टर गावात नव्यानंच आले होते. त्यांची वेळ मिळवली आणि आईला घेऊन निघाले. वाटेत तिचं नेहमीचं सुरू झालं.

आईबरोबर रस्त्यानं जाणं ही मला शिक्षा वाटायची. दर चार पावलांवर थांबून कुणाची तरी चौकशी... चादरवाल्याला सुनेबद्दल विचार, भाजीवालीला गुडघ्याबद्दल विचार. ओळखीचं कुणी नसलं तर अनोळखी माणसाला गाव विचारायची. तो आपला बोलत राहायचा, ही ऐकत उभी आणि मी शेजारी चडफडत.

कसेबसे दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का. आई ताठ बसून म्हणाली, "न्हाय की. मला काय बी न्हाय."

खोकला? नाही. जिना चढताना त्रास? छे. मी मध्ये तोंड उघडलं, तर तिनं टेबलाखालून माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. डाग जुना दिसतोय, पण बाईंना काहीच होत नसेल तर ऑक्सिजन लागतो असं मी कसं लिहिणार, म्हणाले. माझे सगळे ट्रंक कॉल, सगळ्या अर्ध्या रजा पाण्यात... आईला तिथेच दोन शब्द सुनवावेत असं वाटलं.

डॉक्टर मात्र उठले. चला, जरा गच्चीपर्यंत जाऊन येऊ म्हणाले.

थोड्या पायऱ्या झाल्या आणि आई थांबली. डॉक्टरांना त्यांचं गाव विचारलं. पुन्हा थोड्या पायऱ्या... आईवडील कुठं असतात? पुन्हा थांबली, मुलं किती? डॉक्टर बिचारे सगळं सांगत होते आणि मी मागे उभी दातओठ खात होते.

जिन्याच्या वळणावर डॉक्टर हळूच म्हणाले, "मावशी, आता काही न विचारता चढा."

आई चढली. जेमतेम काही पायऱ्या... आणि कठडा धरून खाली बसली. ओठ निळसर झाले, खांदे वरखाली व्हायला लागले, तोंडातून शब्द फुटेना.

मी जागच्या जागी उभी राहिले. म्हणजे इतकी वर्षं... मंडईत, देवळाच्या वाटेवर, लग्नाच्या मांडवात... समोरच्याला बोलतं करायचं आणि तेवढ्यात आपण श्वास गोळा करायचा. आपल्याला इतका दम लागतो याचा घरात कुणाला तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

डॉक्टर तिच्याजवळ पायरीवरच बसले. खरं सांगितलंत तर ऑक्सिजन लिहून देतो आणि जाऊही देतो, म्हणाले. लपवलंत आणि वाटेत काही झालं, तर लेकीनं बाळाकडे बघायचं की तुमच्याकडे?

आईनं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "खरं सांगितलं तर जाऊ देनार न्हाईत वाटलं मला... दम पुरत न्हाय, डॉक्टर. लई वर्सं झाली."

हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माझा राग कुठे गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा तेच कळेना. मी तिचा पदर सारखा करत बसले.

डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्या लिहून दिल्या. मुंबईच्या साहेबांनी त्यातही एक खुसपट काढलंच, मीही पुन्हा पोस्टात जाऊन भांडले... आणि आई गेली एकदाची. ताईला मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं.

परत आल्यावर मी विचारलं, विमानात भीती वाटली का? ती म्हणाली, विमानातल्या बाईनं नाकातोंडावर मास्क बसवला आणि थोड्या वेळानं छाती इतकी मोकळी झाली, की पहिल्यांदा तर काहीतरी बिघडलंच असं वाटलं.

मग माझ्याकडे बघत राहिली... "तुमी समदी रोज असाच श्वास घेता व्हय गं?"

मी हो म्हटलं. विमानात होती तेवढा वेळ तरी तिला तसा श्वास मिळाला, त्या डॉक्टरांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.