कानसेनाची खुर्ची

गाडीच्या स्पीकरमधली शिट्टी पकडणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत. इंजिन सुरू झालं की काही गाड्यांत गाण्यामागे एक बारीक सूर उठतो, रेस दिली की चढत जातो. तो कुठल्या वायरीतून येतोय, हे कानसेन डोळे मिटून सांगे. धाकट्या भावालाही त्यानेच शिकवलं, कान पिळून. “डोक्याला लावलेत ते कान आहेत की कपाचे?” हे भर गिऱ्हाइकांत.

हल्ली मात्र तो डोळे मिटत नसे. तो सूर त्याला ऐकूच येईनासा झाला होता. रेस द्यायला गिऱ्हाइकाला बसवायचं, आपण मागच्या सीटवरून आरशात त्याच्या भुवया बघायच्या. आक्रसल्या तर शिट्टी आहे, सैलावल्या की काम फत्ते. दुकानातली त्याची खुर्ची एवढ्यावर टिकून होती. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तिच्या भावाला काम हवं होतं, म्हणून तिने ते दिराच्या कानावर घातलं.

धाकट्याने एका गाडीतली अर्थिंगची वायर पत्रा न खरवडता, मुद्दाम रंगावरच आवळली, म्हणजे शिट्टी येणारच. रेस द्यायला वहिनीच्या भावालाच बसवलं. “कपाळावर आठी दिसता कामा नये,” त्याला बजावलं. मग हाक मारली, “दादा, बघ रे, गेली का शिट्टी?”

कानसेनाने आरशात पाहिलं. मेहुण्याचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा.

“गेली. एकदम स्वच्छ.”

“अजून रेस दे रे!” धाकटा ओरडला. दुकानाच्या दाराशी जमलेल्या गिऱ्हाइकांनी कानांवर हात ठेवले. “स्वच्छ ना, दादा? मग यांनी कान कशाला झाकलेत? थंडी वाजतेय?”

हशा पिकला. कानसेन सीटखाली वाकला. बोटांनीच नट चाचपला, सोडवला, रंग खरवडून वायर पुन्हा आवळली. शिट्टी खरोखरच थांबली. मेहुण्याची मान आपसूक डोलली.

“हात चालतात अजून,” धाकटा म्हणाला. “पण बहिऱ्याकडे गाडी कोण आणणार? उद्यापासून हा बसेल तुझ्या जागी.”

“तुला कुणी सांगितलं?”

धाकट्याने नुसतं मेहुण्याकडे बघितलं.

“ताईनं, दाजी,” मेहुणा स्टिअरिंगकडे बघत पुटपुटला.

कानसेन फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. हे दुकान कधीकाळी त्यानेच उघडलं होतं; गल्ल्याची किल्ली मात्र आता धाकट्याकडे होती.

“उद्या किती वाजता येऊ?” त्याने विचारलं.

“लवकर ये. गाड्या पुसायच्या आहेत,” धाकटा म्हणाला आणि त्याने मेहुण्यासाठी खुर्ची पुढे ओढली.