बेआम्टर साहेब

वणव्याच्या ड्यूटीवर आमची कंपनी डोंगरापलीकडच्या कॅम्पवर गेली तेव्हा माझं काम ठरलेलं होतं: हजेरी, रजा, रेशन. एरवी अमेरिकेत, बॉथेलमध्ये, मी सॉफ्टवेअरवाला. पूर आला, रान पेटलं की राज्याच्या राखीव फौजेतला, म्हणजे गार्डमधला, कॅप्टन. तोही प्रशासकीय. आगीच्या लाइनवर माझी गरज नव्हती आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

सार्जंट निखिल पाटणकर आमच्याच कॉलनीतला, जन्म इथलाच. त्याला जुन्या युनिफॉर्मचा नाद. पहिल्याच संध्याकाळी मेस टेंटमध्ये त्याने फोनवर जर्मन बादशाही सैन्यातल्या एकाचा फोटो दाखवला. कडक कॉलर, चकचकीत बटणं, कमरेला तलवार.

"कोण वाटतो?"

"कर्नल?"

"रेशनवाला, दादा. ह्यांना बेआम्टर म्हणायचे. कोट ऑफिसरचा, पण खांद्यावरची पट्टी, शोल्डर बोर्ड, वेगळा. म्हणजे सोल्जर्सना कळायचं, लढाईत ह्याची ऑर्डर घ्यायची नाही. सेम तुझ्यासारखं."

तेव्हापासून दोघंच असलो की मी बेआम्टर साहेब. चारचौघांत सर.

आठवडाभराने एका दुपारी मी पाण्याची खोकी घेऊन लाइनवर गेलो. निखिल दोन जवानांना आणायला खाली ओढ्याकडे गेला होता. तेवढ्यात वारा फिरला. आम्ही आणि ट्रक यांच्या मधलं गवत पेटलं. जवान सगळे पिवळ्या फायर शर्टात, युनिफॉर्मवर मी एकटा. छातीवर कॅप्टनच्या दोन पट्ट्या. हा हजेरीवाला आहे, असं त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

मी रेडिओ उचलला. "निखिल, मला काही सुचत नाहीये. तू ये."

"नाही पोचणार." तोही मराठीतच बोलला, बाकीच्यांनी घाबरू नये म्हणून. "मागे काल जळालेलं रान आहे ना? तिथे ने सगळ्यांना. तिथे जळायला काही उरलेलं नाही. ट्रककडे कुणाला जाऊ देऊ नकोस."

"माझं ऐकतील?"

"छातीवर बघतील आणि ऐकतील. ओरड, कॅप्टन."

मी ओरडलो. एकजण ट्रककडे धावलाच होता, त्याला कॉलर धरून ओढला. जळक्या रानात राखेत तोंड खुपसून आम्ही पडून राहिलो. आग दोन्ही बाजूंनी गेली. मी रेडिओवर निखिलला हाका मारत होतो. उत्तर आलं नाही.

ते दोन जवान ओढ्यातून वर आले. निखिलने त्यांना पुढे पाठवलं होतं. तो आला नाही.

अंत्यविधीनंतर निखिलच्या आईने, पाटणकर काकूंनी, माझ्या हातात एक डबी ठेवली. आत एका बेआम्टरचा जुना शोल्डर बोर्ड होता. "तुझ्या बर्थडेसाठी मागवला होता त्याने," त्या म्हणाल्या. "काय गंमत होती रे तुमची?"

मी डबी बंद करून खिशात ठेवली.

आता मी गार्डमध्ये नाही. तो बोर्ड माझ्या टेबलावर असतो. त्या दुपारी निखिलने मला पहिल्यांदा मनापासून कॅप्टन म्हटलं. मला मात्र त्याच्या तोंडून पुन्हा बेआम्टर साहेब ऐकायचं आहे.